फाळक्याची होडी

होडीत पाणी नेमकं कुठून येतंय ते बबनरावांना कळेना. तळाच्या फळीतल्या जुन्या फटीवर त्यांनी टाच दाबून धरली होती, तरी पाणी घोट्यापर्यंत चढलं होतं. सून करुणा डालड्याच्या डब्यानं उपसत होती. जाळं अर्धं आत आलेलं, अर्धं अजून खाली.

"मामा, जाळं सोडा आता."

"चिलापी मासळी लागलीय पोरी, वजन लागतंय हाताला."

"लागू द्या. सोडा म्हणते ना."

बबनरावांनी सोडलं नाही. डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता, म्हणून ते उजव्यानंच ओढत राहिले. होडी एका अंगावर कलली आणि कडेवरून पाण्याचा लोट आत आला. करुणानं डबा टाकला, विळा घेतला आणि जाळ्याची दोरी तोडली. दोघांनी मिळून वल्ही मारली. काठाला लागली तेव्हा होडीची कड पाण्यावर चार बोटं राहिली होती.

काठावर करुणाचा नवरा महेंद्र चाकाच्या खुर्चीत बसला होता. बसला होता म्हणजे रुतला होता. बापाची होडी कलताना बघून त्यानं खुर्ची जेवढी खाली येईल तेवढी रेटली होती. पुढची लहान चाकं गाळात गेली होती आणि पावलांच्या पट्टीला पाणी लागलं होतं. होडी तशीच टाकून दोघांना आधी त्याला वर ओढावं लागलं.

"कशाला एवढं खाली आलास?" बबनराव ओरडले.

"मग काय करू? वरनं बघत बसू?"

"येऊन काय केलं असतंस?"

हाताला लागलेला गाळ महेंद्र मांडीवर पुसत राहिला.

उजनी धरणाचं पाणी मागं पसरत इथवर आलं, त्यात घरची जमीन गेली. तेव्हापासून हे घर मासेमारीवर होतं. महेंद्रही पोरवयापासून बापाबरोबर जाळ्यावर जायचा. लग्नानंतर तो कंपन्यांच्या शेड उभारणाऱ्या ठेकेदाराकडे लागला आणि एका दुपारी पत्र्यावरून खाली आला. मणका गेला. कमरेखालचं काही त्याचं राहिलं नाही. दौंडला एका शिबिरात खुर्ची मिळाली, ती दवाखान्यातल्या गुळगुळीत फरशीवर चालायची, इथल्या ढेकळांत अडायची. ती ढकलून ढकलून त्याचे दंड मात्र बापापेक्षा दुप्पट झाले होते. आता बापाबरोबर करुणा होडीत जायची.

नवी होडी घ्यावी लागणार हे त्याच दिवशी ठरलं. म्हैस विकायची हेही ठरलं. जाईबाईनं, महेंद्रच्या आईनं, भाकरी थापता थापता एवढंच विचारलं, "कसली घेणार?"

"कोंडिबाची हाय घोड नदीच्या धरणावर. लांब, निमुळती. पाण्यात तीरावानी जाती," बबनराव म्हणाले. "त्यो मासेमारी सोडून पोराकडं चाललाय."

करुणा चुलीपाशी ओली साडी वाळवत बसली होती. ती म्हणाली, "मला वाटतं, हे बसतील अशी घ्यावी."

भाकरीवरचा जाईबाईचा हात थांबला. बबनरावांनी सुनेकडे, मग भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडे पाहिलं.

"कोण बसंल?"

"हे."

"होडीत?" जाईबाई म्हणाली. "अगं पवायचं कसं त्यानं? पाय न्हाईत त्याला."

"पाय हाईत. चालत न्हाईत," महेंद्र दारातून म्हणाला. मग करुणाकडे वळून हळूच म्हणाला, "तुला कुणी सांगितलं मला यायचंय म्हणून?"

"कुणी न्हाई."

"मग? घरात बसून माणूस झुरतंय, त्याला जरा हवा खायला न्यावं, असं?"

करुणाला राग आला. "हवा खायला कोण जातंय तिथं? मामांचा हात वर जात न्हाई. मी जाळं ओढू का होडी सावरू? मला दोन हात पायजेत. तुमचं हाईत. म्हणून म्हनलं."

गेली तीन वर्षं महेंद्रकडे कोणी काही मागितलं नव्हतं. त्याला बरं वाटलं की अपमान वाटला, तेही त्याला धड कळलं नाही. बबनराव मात्र जेवताना एकदा म्हणाले, "कोंडिबाचीच घेऊ. त्यातच बसवू की." आणि थोड्या वेळानं म्हणाले, "का नको?" ते कोणाला विचारत होते ते कोणालाच कळलं नाही.

घोडच्या धरणावर जायला ओळखीचा टेम्पो मिळाला. महेंद्रला मागं, मासळीच्या रिकाम्या क्रेटांमध्ये बसवलं. खुर्ची घडी करून त्याच्या अंगावर टेकवली. काष्टीच्या पुढं रस्ता खराब होता. प्रत्येक खड्ड्याला खुर्चीचा दांडा त्याच्या छातीवर बसत होता. करुणा समोर होती. ती दांडा धरायला गेली की तो "राहू दे" म्हणायचा.

कोंडिबा धोतर खोचून काठावर उभा होता. होडी खरंच देखणी होती. नुकतंच डांबर दिलेलं, लांब, अरुंद.

"जयभीम बबनराव. पोराला बी आणलं का? बरं केलं," तो म्हणाला आणि खुर्चीकडे बघत राहिला.

"त्यालाच बसायचंय," बबनराव म्हणाले.

"ह्यात?"

"व्हय."

कोंडिबानं डोकं खाजवलं. "बसंल की. का न्हाई बसणार? बसवून तर बघू."

त्यानं आणि टेम्पोवाल्यानं महेंद्रला उचललं, एकानं काखेत धरून, एकानं गुडघ्यांखालून. उचलताना पँट खाली सरकली. काठावर धुणं धुणाऱ्या बायकांनी माना वळवल्या, हे महेंद्रला दिसलं. त्यांनी बघितलं असतं तरी चाललं असतं, असं त्याला वाटलं.

मधल्या आडव्या फळीवर त्याला ठेवलं. कोंडिबानं होडी थोडी आत ढकलली. पहिल्याच हेलकाव्याला महेंद्रचं अंग डावीकडे गेलं. पायांचा रेटा नव्हता, अंग सावरेना. त्यानं दोन्ही हातांनी दोन्ही कडा धरल्या तेव्हा ते थांबलं.

"बसला की!" कोंडिबा म्हणाला. "म्हटलं न्हवतं?"

"आप्पा," करुणा काठावरून म्हणाली, "त्यांना जाळं द्या हातात."

कोंडिबानं जाळ्याचं टोक त्याच्याकडे टाकलं. ते झेलायला महेंद्रनं एक हात सोडला आणि तो सरळ होडीच्या तळात कोसळला. कपाळ फळीवर आपटलं. तळात साचलेल्या पाण्यात तोंड गेलं. उचलणारे पोचेपर्यंत तो कोपरांवर उठायचा प्रयत्न करत होता आणि होडी त्याला पुन्हा पुन्हा पाडत होती. टेम्पोवाल्याला हसू आलं, ते त्यानं खोकल्यात दडवलं.

परत येताना महेंद्र एवढंच बोलला. "आबा, तुमच्या मनासारखी होडी घ्या. माझं काय धरू नका."

हे ऐकून बबनरावांना मोकळं वाटायला हवं होतं. त्यांना होडी आवडली होती. रात्री अंथरुणावर ते जाईबाईला म्हणाले, "त्यो न्हाई म्हणतोय. मग घ्यावी का न्हाई?"

"तुम्हाला काय वाटतंय?"

"तेच तर समजंना."

पत्र्याच्या होड्या यवतचा मेहमूद करून देतो हे करुणाला मासळी बाजारात कळलं. मेहमूद ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचा. हायवेच्या कडेला त्याचं दुकान होतं, मागं घर. महेंद्र यायला तयार नव्हता. करुणानं भांडून त्याला आणलं. बबनराव मधे पडले नाहीत. कोणाची बाजू घ्यावी ते त्यांना उमगलं नाही.

मेहमूदनं सगळं ऐकून घेतलं, मग टेपनं खुर्चीची रुंदी मोजली. त्यानं शेजारी उभ्या असलेल्या नव्या ट्रॉलीचा मागचा फाळका खाली पाडला. लोखंडी झडप जमिनीला टेकली.

"हे बघा आबा. होडीचं तोंड असंच करू. चौकोनी. पुढचा फाळका पडला की काठाला टेकंल. खुर्ची सरळ आत. फाळका वर घ्यायचा, खटका लावायचा, कडंनं रबर. तळ सपाट, रुंद. हलणार न्हाई."

"आन् खुर्ची घरंगळली तर?" बबनराव म्हणाले.

"चाकं बांधून टाकू. तळाला कड्या मारतो."

मेहमूदची बायको शहाबानो पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. ती तिथंच थांबली. "बांधायची? आन् होडी उलटली तर? खुर्ची जाईल तळाला, माणूस बी तिच्यासंगं."

हायवेवरून ट्रक गेले. बबनराव म्हणाले, "न बांधावी मग." मेहमूद म्हणाला, "न बांधली तर चिलापी ओढतानाच ह्यो पाण्यात." करुणा म्हणाली, "ढिली बांधली तर?" मेहमूद म्हणाला, "ढिली बांधून काय उपेग?" तिघं एकदम बोलू लागले. खुर्चीच्या आजूबाजूला उभं राहून, तिच्या दांड्याला हात लावून, चाक हलवून बघत. महेंद्र खुर्चीत होता.

त्यानं ब्रेक काढला आणि खुर्ची मागं घेतली. तिघांचे हात सुटले.

"मला त्या ट्रॉलीत खाली बसवा," तो म्हणाला. "न्हाई, उचलू नका. मी बसतो."

तो फाळक्यापर्यंत गेला, खुर्चीतून हातांवर उतरला आणि पत्र्यावरून मागं सरकत ट्रॉलीच्या आत गेला. कोपऱ्यात पाठ टेकली. पाय हातानं उचलून समोर सरळ ठेवले. दोन्ही हात वर केले, मोकळे.

"हलवा."

"काय?"

"ट्रॉली हलवा मेहमूदभाई."

मेहमूदनं दांडा धरून ट्रॉली हेलकावली. महेंद्र हलला, पडला नाही. करुणानं पदराचा पीळ करून त्याच्याकडे फेकला, त्यानं झेलला आणि ओढला. तिनं उलट ओढलं. तो ओढतच राहिला. तिचा पाय घसरला तेव्हा ती हसली.

मेहमूदनं भंगारातून टेम्पोच्या ड्रायव्हरची जुनी सीट काढली. ती तळाला लागून बसवायची, पाठ उंच ठेवायची आणि छातीवरून कापडी पट्टा, सुरगाठीचा, एका झटक्यात सुटेल असा. शहाबानोनं गाठ स्वतः मारून, ओढून, सोडून बघितली. मग ती आत गेली.

"म्हंजी खुर्ची नको होडीत," बबनराव म्हणाले. त्यांना एकदम सोपं वाटलं. "काठावर ठेवू."

"खुर्ची पायजे," महेंद्र म्हणाला.

"आता कशाला?"

"पलीकडं व्यापाऱ्याच्या काट्यावर मासळी द्यायला जायचं असतं. तिथं सगळी उभी असतात. मी होडीत पडून बघू का वर? करुणा उचलणार मला? न्हाई. मी खुर्चीत जाणार काट्यापाशी."

फाळका ठरला, सीट ठरली, खुर्चीची जागा ठरली.

होडी टेम्पोतून आली तेव्हा वस्तीवरची माणसं बघायला जमली. कोणी म्हणालं ही होडी कसली, ट्रॉलीच हाय. खंडू नावाच्या शेजाऱ्यानं विचारलं, "ट्रॅक्टर कुठंय?" जाईबाईनं तरीही हळदीकुंकवाच्या जागी पांढरी फुलं वाहिली, मेणबत्ती लावली आणि वाऱ्यानं ती विझली तेव्हा पुन्हा लावली.

फाळका काठावर पडला. महेंद्र खुर्ची रेटत आत गेला. पत्र्यावर चाकांचा मोठा आवाज झाला. सीटशेजारी खुर्ची उभी करून तो खाली उतरला, पट्टा बांधला. करुणानं खुर्चीची घडी करून मागच्या बाजूला आडवी ठेवली. जाळं ठेवलं, बर्फाचा खोका ठेवला. मग ती वल्ह्यापाशी बसली आणि शेवटी बबनराव चढले. फाळका वर आला, खटका बसला.

थोडं आत गेल्यावर फाळक्याच्या बुडातून पाण्याची बारीक धार येऊ लागली.

"वजन जास्त हाय," करुणा म्हणाली. "पुढनं दबतीय."

बबनराव मागं सरकले. मागं खुर्ची होती. ते खुर्चीच्या घडीवर बसले, तरी धार थांबली नाही. अजून मासळी यायची होती. होडी परत काठाला आली. बबनराव उतरले. धार थांबली. ते पुन्हा चढले. धार सुरू झाली. असं त्यांनी दोनदा केलं. काठावरचे लोक बघत होते.

"मेहमूदला मोठी करायला सांगाया पायजे हुती," जाईबाई म्हणाली.

"आणखी मोठी मला ओढवली नसती आत्याबाई," करुणा म्हणाली.

बबनराव गुडघाभर पाण्यात उभे राहिले. या होडीसाठी ते धरणावर गेले होते, यवतला गेले होते, मोजमापं झाली होती. खुर्ची मोजली, सीट मोजली, पोराची छाती मोजली. त्यांना कोणी मोजलं नव्हतं. त्यांनी स्वतःही नाही.

"खुर्ची खाली घ्या," ते म्हणाले. "आजच्या दिस."

करुणानं मान खाली घातली. महेंद्रनं पट्ट्याची गाठ धरली. "मग मला बी खाली घ्या."

"आरं मी तसं न्हाई म्हणालो."

"मग कसं म्हणालात आबा?"

पोरगं पाण्यावर जातंय याचा बबनरावांना आनंद होता, आणि त्या आनंदाबरोबर दुसरं काहीतरी होतं, त्याला नाव नव्हतं. त्यांनी होडीच्या कडेला हात लावला आणि ती आत ढकलली. जोरात ढकलली. डावा हातही वर गेला, दुखला.

सकाळ त्यांना कधी एवढी मोठी लागली नव्हती. ते घरी आले, परत काठावर गेले. जुन्या होडीच्या फळ्या सुट्या करायला घेतल्या, तशाच ठेवल्या. दोनदा चहा मागितला. जाईबाई म्हणाली, "बसा की जरा." ते बसले. बसून काय करायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. पाण्यावर ऊन चढलं तसा पश्चिमेचा वारा सुटला. लांबवर होड्या दिसत होत्या, त्यातली चौकोनी कुठली ते डोळ्यांना ओळखू येईना.

होडी आली ती उशिरा, सगळ्यांच्या मागून; बबनराव काठावरच बसून होते. फाळका पडला. महेंद्र छातीपर्यंत गाळानं भरला होता. व्यापाऱ्याच्या काठावर खुर्ची रुतली होती आणि तिथल्या दोघांनी ती खुर्चीसकट उचलून काट्यापाशी नेली होती. जाळं वाऱ्यानं गुंडाळून होडीखाली गेलं होतं, एका जागी फाटलं होतं. मासळी बेताचीच निघाली होती. हे सगळं त्यानं रागानं सांगितलं, पण बोलायचा थांबत नव्हता. करुणा दमून फाळक्यावरच बसली होती.

"आबा," महेंद्र म्हणाला, "वारा असा खालनं आला की जाळं कुठल्या अंगानं सोडायचं? मला तिथं काय सुचंना. ही म्हणती उजवीकडनं, मी म्हणलं डावीकडनं. दोन्ही बाजूंनी गुंडाळलं."

बबनरावांनी तोंड उघडलं. हे त्यांना विचार न करता यायचं, जन्मभर हेच केलं होतं.

"त्याचं असं हाय," ते म्हणाले आणि थांबले. "वारं पाठीवर... न्हाई. होडी फिरली की मग..."

"म्हंजी?"

"तिथं असतो तर सोडलं असतं. सांगायचं कसं?"

"सांगा की. मला रोज जायचंय."

बबनराव उठले. चपला काढल्या, धोतर वर घेतलं आणि पाण्यात गेले. मांडीपर्यंत पाणी आलं तिथं थांबले. तोंड वाऱ्याकडे केलं, मग पाठ केली. गुडघे किंचित वाकवले, पायाखाली होडी असल्यासारखे. दोन्ही हात समोर धरले. हातात काही नव्हतं. बोटं मात्र जाळं सोडायला लागली, सैल करत, अडवत, पुन्हा सैल करत.

काठावर खुर्चीत बसलेल्या महेंद्रनंही हात समोर धरले. तो बापाची बोटं बघत होता आणि तशीच आपली हलवत होता. जाईबाईनं घरातून जेवायला हाक मारली. कोणी गेलं नाही.

"डावीकडनं," बबनराव म्हणाले.

महेंद्रनं हात डावीकडे नेले.

"न्हाई, थांब," बबनराव म्हणाले. ते पाण्यात गोल फिरले, वाऱ्याला गाल देऊन उभे राहिले. "थांब जरा. परत बघू."